घर आधी मनीचं

जुळे सोलापुरातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे मनी नावाची ११ वर्षांची मांजर आहे, ऑपरेशन झालेली, घरात एकटीच वाढलेली. पाच दिवसांपूर्वी दिरांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात वेस्टच्या पोत्यांमागे दोन महिन्यांचं पिल्लू सापडलं आणि मुलांनी ते घरी आणलं. तेव्हापासून मनी कपाटावरून खाली यायला तयार नाही. पिल्लू दिसलं की फिस्कारते, खाणं निम्म्यावर आलंय, आणि सासूबाईंच्या पलंगावरच्या चादरीवर तिनं दोनदा लघवी केली. सासूबाई म्हणतात, दोघांना एक रात्र एका खोलीत कोंडा, भांडतील आणि आपोआप एक होतील. ताई विचारतात, हे करावं का, की पिल्लू परत द्यावं?

ताई, कोंडू नका. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण मांजरांच्या बाबतीत हा उपाय उलटतो. कोंडलेल्या मांजराला पळायला वाट नसते, आणि वाट बंद झालेलं मांजर दात-नखं काढतं. त्या एका रात्रीची धास्ती पुढे कित्येक महिने जात नाही. मी २२ वर्षं सोलापुरात प्राण्यांवर उपचार करतोय. माझ्याकडे येणाऱ्या वैर धरलेल्या मांजरांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात अशाच एखाद्या बंद खोलीत झालेली असते. आणि पिल्लू परत द्यायचं की नाही, हे ठरवायला पाच दिवस फारच थोडे आहेत. मुळात ओळख सुरूच झालेली नाही. पिल्लू एकदम घरभर सुटलं आणि मनीचं घर एका दिवसात परकं झालं, एवढंच आतापर्यंत घडलंय.

घर परकं झालं म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आज तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीपाशी बसून बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर लाकडाला किंवा भिंतीच्या कोपऱ्याला एक तेलकट, काळपट पट्टा दिसेल. पलंगाच्या पायाला, फ्रिजच्या कडेलाही असेल. मनीनं ११ वर्षं येता-जाता गाल घासून तो उमटवलाय. मांजराच्या गालांत, हनुवटीखाली, पंजांच्या गाद्यांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. आपल्याला तो वास येत नाही, पण मनीसाठी तो म्हणजे ‘इथं मी आहे, इथं सगळं ठीक आहे’ असा घरभर लिहिलेला मजकूर आहे. पिल्लानं पाच दिवसांत तो मजकूर जागोजागी खोडला. तिच्या ट्रेत शी केली, तिच्या ताटलीत तोंड घातलं, सासूबाईंच्या मांडीवर झोपलं. आपण याला मत्सर म्हणतो, सवत आली म्हणतो. माझ्या मते ती घाबरलेली आहे. मत्सर समजलात तर तुम्ही तिची समजूत काढत बसाल किंवा तिला रागवाल. भीती समजलात तर तिला सुरक्षित वाटेल असं काहीतरी कराल.

चादरीवरच्या लघवीचंही तसंच आहे. मांजर सूड घेत नाही. घाबरलेलं मांजर आपला वास घरातल्या सर्वांत विश्वासाच्या माणसाच्या वासात मिसळू बघतं, आणि सासूबाई हे तिचं हक्काचं माणूस असणार. पण ही झाली एक शक्यता. दुसरी शक्यता आजाराची आहे, आणि ती आधी तपासायला हवी.

११ वर्षांचं मांजर म्हणजे साधारण साठीचं माणूस. या वयात मूत्रपिंडं थकू लागतात, थायरॉइड वाढू शकतो, दात दुखतात, आणि सांधे तर झिजतातच. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली होती. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. ते फक्त उड्या कमी करतं, अंग कमी चाटतं, ट्रेची कड उंच असेल तर ट्रे टाळतं. शिवाय ताणामुळे मूत्राशयाला सूज येते. त्यात थोडी थोडी, वारंवार लघवी होते, कधी रक्तही दिसतं, आणि गार मऊ कापडावर बसलं की मांजराला जरा बरं वाटतं. सासूबाईंच्या चादरीचं कारण हेही असू शकतं. तेव्हा याच आठवड्यात मनीची लघवी आणि रक्त तपासून घ्या. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे बोका असेल आणि तो ट्रेत बसून नुसता जोर करत असेल, थेंबही येत नसेल, तर तासभरही थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

यात माझ्या हातून एकदा चूक झाली आहे, ती सांगतो. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत साखर पेठेतल्या एका वाड्यातून १३ वर्षांच्या बोक्याची तक्रार आली होती. घरात नवीन पिल्लू आलं होतं आणि बोका जिन्याखाली घाण करत होता. मी म्हटलं, राग आलाय, होईल ठीक. तीन आठवड्यांनी तो अंगानं उतरलेला माझ्यासमोर आला, तेव्हा कुठे मी त्याच्या कमरेवर हात ठेवला. हात ठेवल्याबरोबर त्याची पाठ थरथरली आणि त्यानं मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं. पिल्लू आल्यावर घरच्यांनी ट्रे माडीवर नेला होता. म्हाताऱ्याला तो जिना चढवत नव्हता. ट्रे खाली आला, त्याची एक कड कापून बुटकी केली, दुखण्यावर औषध सुरू झालं, आणि जिन्याखालची घाण आठवड्यात थांबली. पिल्लाशीही त्याचं पुढे जमलं. अंग दुखत असताना कोणालाही अंगावर उड्या मारणारं पोर नकोच असतं. तेव्हापासून वय झालेल्या मांजराच्या वागण्याची तक्रार आली की मी आधी त्याचे सांधे, दात आणि वजन बघतो. जाता जाता एक सांगतो, दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅकची गोळी मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आता पिल्लाचं. त्याला आजच वेगळ्या खोलीत हलवा, आणि हे मनीच्या मनासाठी जितकं गरजेचं आहे तितकंच तिच्या तब्येतीसाठीही. कारखान्यात सापडलेल्या पिल्लाबरोबर काय काय आलंय ते आपल्याला माहीत नाही. पिसवा, जंत, कानातली गोचीडवजा किड, गजकर्ण ही यादी नेहमीची. गजकर्ण तर मुलांनाही होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे ज्याला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो आजार. उलट्या, जुलाब, एकदम मलूल होणं, आणि पिल्लं दोन-तीन दिवसांत दगावतात. त्याचा विषाणू फरशीच्या फटीत, गोणपाटात वर्षभरही टिकू शकतो. म्हणून किमान दोन आठवडे पिल्लू वेगळं, त्याची ताटली वेगळी, ट्रे वेगळा, आणि त्याला हाताळल्यावर साबणानं हात धुऊन मगच मनीला हात. त्याचं जंताचं औषध लगेच सुरू करा. तीन आजारांची एकत्रित लस, जिला आमच्याकडे ट्रायकॅट म्हणतात, ती दोन महिन्यांना सुरू होते आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. मनीच्या लशी राहिल्या असतील तर त्याही आत्ताच उरकून घ्या. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूजन्य आजारांसाठी पिल्लाची रक्ततपासणी करून घेतलीत तर उत्तम. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध पिल्लाला किंवा मनीला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजरांना झटके येऊन ती मरू शकतात.

मुलांना एक गोष्ट बजावून ठेवा. पिल्लानं चावलं किंवा ओरखडलं आणि रक्त आलं, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पिल्लू गोड आहे म्हणून रेबीजचा प्रश्न मिटत नाही.

खोली कोणती द्यायची? इथं आपल्या गावाचा उन्हाळा आड येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना घरात थंड जागा एकच असते, कूलर असलेली खोली. बहुतेक घरांत लोक पिल्लाची दया येऊन ते कूलरच्या खोलीत ठेवतात, आणि म्हातारी मांजर बाहेर तापत बसते. तुमच्याकडेही कूलर सासूबाईंच्या खोलीत असेल आणि पिल्लू तिथंच झोपत असेल, तर भांडणाचं अर्धं मूळ तिथंच आहे. थंडावा ही उन्हाळ्यातली सगळ्यांत मोठी मालमत्ता. ती मनीच्या ताब्यात राहू द्या. पिल्लाला मुलांची खोली द्या, पंखा चालू, खिडकीला पडदा, ओल्या फडक्यावर मातीचं पसरट भांडं. बंद तापलेली खोली मात्र नको. शहाबादी फरशी असेल तर छानच.

आणखी एक, आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं आणि हौद काठोकाठ भरलेले असतात. दोन महिन्यांचं पिल्लू पिंपाच्या काठावर चढतं आणि आत पडलं की त्याला गुळगुळीत प्लॅस्टिकवर नखं रोवता येत नाहीत. दर उन्हाळ्यात अशी एखादी बातमी माझ्याकडे येते. प्रत्येक पिंपावर झाकण, झाकणावर वजन.

पिल्लू खोलीत गेलं की ते दोन आठवडे ओळखीचं काहीच करायचं नाही. मनी कपाटावरून उतरेल, घरभर हिंडेल, वास घेईल, त्या बंद दारापाशी जाऊन फिस्कारेल. फिस्कारू द्या. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’ एवढंच सांगणं, भांडण टाळायची ती मांजराची रीत आहे. तिला रागवलात तर ती पुढच्या वेळी न सांगता पंजा मारेल. या दिवसांत मनीची दिनचर्या पिल्लू येण्याच्या आधी होती तशीच्या तशी परत आणा. ज्या वेळी खायला मिळायचं त्याच वेळी मिळू दे. संध्याकाळी मालिका बघताना ती सासूबाईंच्या मांडीवर बसत असेल, तर तो तास तिचाच. खरं तर सासूबाईंनी काही आठवडे पिल्लाला हातच लावू नये असं मी म्हणेन. पिल्लाचं सगळं मुलांनी करावं. घरातलं एक तरी माणूस पूर्णपणे मनीचं असावं, ज्याच्या हाताला फक्त तिचाच वास येतो.

मग वासाची ओळख. आपल्या सोलापुरात टॉवेलची वाण नाही, त्यामुळे दोन जुने छोटे टॉवेल काढा. एक पिल्लाच्या गालांवरून, कानांमागून हलक्या हातानं फिरवा आणि रात्रभर त्याच्या अंथरुणात राहू द्या. दुसरा मनीच्या गालांवरून फिरवा. सकाळी पिल्लाचा टॉवेल मनीच्या वाटेवर ठेवा. तिच्या अंथरुणात नको, ताटलीजवळ नको, पलंगावर तर नकोच. पॅसेजमध्ये, जिथून तिला वळसा घालून जाता येईल अशा जागी. पहिल्या दिवशी ती मान लांब करून हुंगेल, तोंड अर्धवट उघडं ठेवून थबकेल, कदाचित फिस्कारून निघून जाईल. रोज ताजा वास लावून तो टॉवेल तिथंच ठेवा. चार दिवसांनी, आठ दिवसांनी ती त्याच्याकडे न बघता त्यावरून चालत जाईल. तो दिवस येईपर्यंत पुढे सरकू नका. प्रेम दिसण्याची वाट बघू नका, दुर्लक्ष दिसलं की काम झालं. मग तोच टॉवेल तिच्या ताटलीपासून दोन हातांवर ठेवा आणि त्या वेळी तिला आवडीचं काही द्या, बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मांस किंवा चिमूटभर सुकट धुऊन. कांदा-लसूण घातलेला रस्सा किंवा शेंगाचटणी लागलेला घास नको. कांदा आणि लसूण दोन्ही मांजराच्या रक्ताला विष आहेत.

यानंतर खोल्यांची अदलाबदल. पिल्लाला अर्धा तास स्वयंपाकघरात ठेवा आणि त्याच्या खोलीचं दार मनीसाठी उघडं करा. ढकलू नका, उचलून नेऊ नका. तिची ती जाईल. पिल्लू समोर नसताना त्याच्या वासात फिरता येणं तिला फार उपयोगी पडतं. माझ्या अनुभवात हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि नंतर पस्तावतात.

बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण हा पुढचा भाग. मनीची ताटली सुरुवातीला दारापासून सहा-सात फुटांवर. ती निवांत खात असेल तर दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. कान मागे गेले, खाता खाता थांबून दाराकडे बघत राहिली, तर पुन्हा मागे. आमच्या घरी शेवटचं पिल्लू आलं तेव्हा आमची म्हातारी या टप्प्यावर १२ दिवस अडली होती. तेराव्या दिवशी संध्याकाळी दाराखालच्या फटीतून एक चिमुकला पंजा बाहेर आला आणि फरशीवर काहीतरी चाचपडू लागला. म्हातारी पोटावर बसली, बराच वेळ त्या पंजाकडे बघत राहिली, आणि मग आपला पंजा उचलून तिनं त्यावर अलगद टपकन ठेवला. नखं आत होती. मी बाजूला बसून फक्त तेवढंच बघत होतो, नखं बाहेर येतात का ते.

आता दृष्टीभेट. जाळीचा दरवाजा असेल तर फार सोपं. नसेल तर खिडकीची डासांची जाळी लाकडी पट्टीवर ठोकून चौकटीत अडकवा. जाळीवर एक सोलापुरी चादर पूर्ण खालपर्यंत सोडा आणि जेवणाच्या वेळी रोज चार बोटं वर उचला. पहिल्या दिवशी फक्त पाय दिसतील, मग पोट, मग तोंड. एकमेकांकडे बघून पुन्हा खाण्याकडे वळली तर उत्तम. एकटक, पापणी न हलवता बघत राहणं, अंग ताठ, शेपटीचं टोक झटके देतंय, हे दिसलं तर चादर खाली. मनीला काखेत धरून ‘बघ, बाळ बघ’ असं पिल्लाच्या तोंडापाशी मात्र कधीही नेऊ नका. सुटायला धडपडताना ती तुम्हालाच फाडेल, आणि पिल्लू दिसलं की आपण पकडले जातो एवढंच तिच्या लक्षात राहील.

दोघं एका खोलीत येतील तेव्हा आधी पिल्लाला पळवून पळवून दमवा. काठीला दोरी, दोरीला चिंधी, २० मिनिटं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे नुसती ठिणगी. त्याला म्हातारीची शेपटी हे खेळणंच वाटतं. दमलेलं पिल्लू पोटभर खाऊन पेंगायला लागलं की मनीला येऊ द्या. तिला वर जायला जागा हवी, पण ११ वर्षांच्या सांध्यांना झेपेल अशी. कपाटाशेजारी आधी स्टूल, मग टेबल, असे टप्पे करा. पहिली भेट पाच मिनिटांची. चांगलं चाललंय तेव्हाच संपवा, बिघडायची वाट बघू नका. मनीनं एक चापट मारली, नखं न काढता, आणि पिल्लू मागे सरलं, तर मध्ये पडू नका. मोठ्यांशी कसं वागायचं ते पिल्लं अशीच शिकतात. खरोखर झोंबाझोंबी झाली तर हात घालू नका. जाड पुठ्ठा किंवा उशी मध्ये सरकवा, दोघांना वेगळं करा, आणि दोन-तीन दिवस पुन्हा जाळीच्या टप्प्यावर जा. भांडणानंतर मनी तासन्तास चिडलेली राहू शकते, तेव्हा तिला कुरवाळायला जाऊ नका.

ट्रे तीन हवेत. दोन मांजरं, तीन ट्रे, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. पिल्लू वाटेत दबा धरून बसलं की मनीला तिन्ही बंद होतात. मनीचा ट्रे बुटका, उघडा, आणि त्यात तिला सवय असलेलीच वाळू. बांधकामाची चाळलेली वाळू वापरत असाल तर तीच चालू ठेवा, महागडं लिटर आणायची ही वेळ नव्हे. पाण्याची भांडीही दोन-तीन जागी ठेवा, उन्हाळ्यात आणि या वयात तिचं पाणी कमी पडता कामा नये. जेवण मात्र कायम वेगळं. पिल्लाचा खुराक प्रथिनांनी भरलेला असतो, तो थकलेल्या मूत्रपिंडांना सोसेलच असं नाही, आणि मनीचा खुराक पिल्लाला अपुरा. घर शाकाहारी असेल आणि मनी दूध-पोळीवर वाढली असेल, तर तेही सांगा. मांजराला टॉरिन हवं, ते मांस-मासे किंवा तयार खाद्यातूनच मिळतं, आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात.

चादर धुताना आधी साध्या पाण्यात भिजवा, मग एन्झाइम असलेल्या पावडरीनं धुऊन कडक उन्हात वाळवा. गादीपर्यंत गेलं असेल तर तीही तशीच पुसून उन्हात टाका. वास राहिला तर ती तिथंच परत जाईल. फिनेल, विशेषतः काळं, मांजरांच्या घरात वापरूच नका. त्यातली फिनॉलची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंजाला लागलेलं ते चाटून काढतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचंही तेच.

किती दिवस लागतील? वय झालेल्या, एकटीनं वाढलेल्या मांजरीला मी दीड-दोन महिने धरतो. काहींना सहा महिनेही लागतात. मिठी मारून झोपलेल्या दोन मांजरांचा फोटो मनात धरू नका, तो कदाचित कधीच मिळणार नाही. मनी पिल्लाकडे पाठ करून त्याच खोलीत झोपली, त्याच्याकडे बघून तिनं संथपणे डोळे मिटले-उघडले, पूर्वीइतकं खाल्लं, की घर लागलं म्हणायचं. उलट काही न बोलता पिल्लू दारात आडवं बसतं आणि मनी तिथून जायचं टाळते, हे शांत दिसलं तरी वाईट लक्षण. तसं दिसलं तर पिल्लाला खेळवून तिथून हलवा आणि मनीला दुसरी वाट करून द्या.

दर आठवड्याला मनीचं वजन करा. तिला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. काटा बारीक फरक दाखवणारा हवा, कारण चार किलोच्या मांजरीत २०० ग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच दिवशी दाखवा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते जाड असेल, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. पोटावरचे केस चाटून चाटून गेलेले दिसले तर तोही ताण असू शकतो.

पिल्लू बोका आहे की भाटी ते तुम्ही लिहिलं नाही. काहीही असलं तरी पाचव्या महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. भाटी चौथ्या महिन्यातही गाभण राहू शकते, आणि वयात आलेला बोका घरात फवारे मारू लागला की मनीची आत्तापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात जाईल.

तपासणीत मनीला काही गंभीर निघालं, आणि दोन महिने नीट प्रयत्न करूनही ती खाणं सोडून कोपऱ्यात बसत असेल, तर पिल्लासाठी चांगलं घर शोधा. लशी दिलेलं, माणसाळलेलं पिल्लू हसतमुखानं घेणारे लोक आपल्या गावात आहेत. त्यात तुमचा काही गुन्हा नाही. ११ वर्षं जिनं घर धरलं तिचा शब्द आधी.

मनीला दाखवायला आणताना पिशवीत किंवा पोत्यात घालून आणू नका, आणि पिल्लाला त्याच फेरीत आणू नका. झाकणाची टोपली किंवा पिंजरा दोन दिवस आधी हॉलमध्ये उघडा ठेवा, आत तिचाच टॉवेल. लघवीसाठी ट्रेतली वाळू काढून मत्स्यालयातले धुतलेले खडे मूठभर टाका. तिनं ट्रे वापरला की बिनसुईच्या सिरिंजनं लघवी उचला, स्वच्छ बाटलीत भरा, आणि दोन तासांत पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी नऊच्या आत निघा, उन्हाच्या आधी. घरी परतल्यावर तिला दवाखान्याचा वास येत असेल, म्हणून त्या दिवशी पिल्लाची भेट नको. सासूबाईंना सांगा, तिच्याच टॉवेलनं तिचे गाल, पाठ पुसून घ्या आणि कूलरपुढे झोपू द्या.